लोखंडांतील बांध्या आणि धुरे

पावसाळ्यांत रोवणी आटोपली, म्हणजे नवेगांव बांधच्या आसपासच्या एखाद्या टेकडीवर चढून खालीं पाहण्यासारखें असतें. एकीकडे तो विस्तीर्ण तलाव. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं तो बांधविला असें सांगतात. कोहळी लोकांचें तलाव बांधण्याचें कौशल्य सगळ्या झाडीपट्टींत प्रसिद्धच आहे. दुसरीकडे भाताच्या लहानमोठ्या बांध्या. जमीन जेथें सपाट तेथें बांधी ऐसपैस, जेथें उतार तेथें ती चिंचोळी. प्रत्येक बांधींत पाण्याची पातळी एक; शेजारच्या बांधींत ती निराळी; आणि दोहोंच्या मध्यें हात-दीड हात रुंदीचा मातीचा धुरा. ही आंखणी कोणा अभियंत्यानें एका बैठकींत कागदावर काढलेली नाहीं. पाणी, उतार, माती आणि शेतकऱ्याचे श्रम यांच्या ओढाताणींतून ती पिढ्यान्‌पिढ्या ठरत गेली आहे.

हें चित्र डोळ्यांपुढें ठेविलें, तर पदार्थविज्ञानांतील एक विषय, एरवीं बराच दुर्बोध वाटणारा, पुष्कळसा सुगम होतो. लोहचुंबकाच्या अंतरंगांत अशाच बांध्या असतात आणि त्यांच्यामध्यें असेच धुरे असतात. ज्या फितीवर गायकाचा आवाज सांठविलेला असतो आणि ज्या तबकडीवर संगणकाचें दप्तर लिहिलेलें असतें, त्या दोहोंचा सारा कारभार या बांध्यांवर चालतो.

आरंभ एका वेडगळ वाटणाऱ्या प्रश्नानें करावा लागतो. साधा लोखंडी खिळा चुंबक कां नसतो? लोखंडाचा प्रत्येक अणु हा स्वतः एक चिमुकला चुंबक आहे. एवढेंच नव्हे, तर शेजारशेजारच्या अणूंमध्यें अशी एक बलवत्तर प्रेरणा असते कीं, तिच्यामुळें ते सर्व एकाच दिशेस तोंड करून उभे राहतात. या प्रेरणेचें मूळ हायझेनबर्ग यांनीं १९२८ सालीं पुंजयांत्रिकीच्या आधारें उलगडून दाखविलें. लोखंड ७७० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें तरच उष्णतेची धांदल त्या प्रेरणेवर मात करिते व अणूंची शिस्त मोडते. म्हणजे घरांतल्या थंड खिळ्यांत ही शिस्त पुरेपूर असलीच पाहिजे, आणि त्या हिशेबानें प्रत्येक खिळा प्रखर चुंबक असावयास पाहिजे. प्रत्यक्षांत मात्र त्याला टाचणीसुद्धां चिकटत नाहीं.

फ्रान्समधील पिएर व्हाइस यांनीं १९०७ सालीं या कोड्याचें उत्तर सुचविलें. खिळ्यांतील अणु शिस्तींत उभे आहेत हें खरें, पण सर्व खिळाभर एकच रांग नाहीं. खिळा अनेक सूक्ष्म प्रांतांत विभागलेला आहे. एका प्रांतांतले सगळे अणु एका दिशेस पाहतात, शेजारच्या प्रांतांतले दुसऱ्या दिशेस. सगळ्यांची बेरीज केली तर बाकी शून्य. इंग्रजी ग्रंथांत या प्रांतांना डोमेन म्हणतात. या लेखापुरतें त्यांना बांधी म्हणण्यास हरकत नाहीं. खिळ्यावर चुंबक घासला म्हणजे नवें कांहीं निर्माण होत नाहीं; एका दिशेच्या बांध्या वाढतात, दुसऱ्या दिशेच्या आकसतात, इतकेंच.

परंतु मुळांत लोखंडानें असे विभाग कां पाडावेत? व्हाइस यांच्या कल्पनेनंतर या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मिळावयास अठ्ठावीस वर्षें लागलीं. तें लँडाऊ व लिफ्शिट्स या दोन रशियन शास्त्रज्ञांनीं १९३५ सालीं दिलें, आणि तें नवेगांवच्या कोणत्याही शेतकऱ्यास सहज पटण्यासारखें आहे. समजा, लोखंडाच्या एका तुकड्यांतील सर्व अणु एकाच दिशेस उभे आहेत. मग तुकड्याच्या एका टोंकास उत्तर ध्रुव प्रकट होईल, दुसऱ्या टोंकास दक्षिण ध्रुव, आणि त्यांचें चुंबकीय क्षेत्र बाहेर दूरवर पसरेल. हें क्षेत्र फुकट पसरत नाहीं. त्यांत ऊर्जा गुंतून पडते. आतां तोच तुकडा मधोमध दोन बांध्यांत वांटला, एकीची दिशा वर व दुसरीची खालीं ठेविली, तर उत्तर ध्रुवाला शेजारींच दक्षिण ध्रुव सांपडतो व बाहेरचा पसारा जवळजवळ निम्म्यावर येतो. चार बांध्या केल्या तर तो पाव होतो. टोंकांशीं लहान त्रिकोणी बांध्या घातल्या, तर चुंबकत्वाचा प्रवाह आंतल्या आंतच फिरून मिळतो व बाहेर कांहींच निसटत नाहीं.

मग बांध्या पाडीत अगदीं अणूपर्यंत कां जाऊं नये? कारण धुरा फुकट मिळत नाहीं. शेतांतला धुरा जमीन खातो आणि दर वर्षीं डागडुजी मागतो. लोखंडांतील धुऱ्यावर विरुद्ध दिशेचे अणु एकमेकांसमोर येतात, आणि त्यांना तसें ठेवण्यास ऊर्जा खर्चावी लागते. धुरे थोडे ठेवले तर क्षेत्र बाहेर वाहून जातें; फार घातले तर धुऱ्यांचाच खर्च डोईजड होतो. या दोन खर्चांची बेरीज जेथें सर्वांत कमी, तेथें आंखणी थांबते. उपमा येथें थोडी लंगडी पडते, हेंही सांगितलें पाहिजे. शेतांत बांधी-बांधींत पाण्याची पातळी वेगळी असते, लोखंडांत चुंबकत्वाची दिशा वेगळी असते. पण व्यवहार तोच.

या बांध्या डोळ्यांना दिसण्यापूर्वीं कानांना ऐकूं आल्या, ही गोष्ट नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष रुचेल. जर्मनींतील हाइन्‍रिख बार्कहाउझेन यांनीं १९१९ सालीं लोखंडाच्या तुकड्याभोंवतीं तारेचें वेटोळें गुंडाळलें, तें वर्धकामार्फत कर्णयंत्रास जोडलें आणि तुकड्याजवळ एक चुंबक हळूहळू आणला. चुंबक अगदीं सावकाश व सारख्या गतीनें येत होता. तरी कर्णयंत्रांत सलग सूर न उमटतां, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावे तशी तडतड ऐकूं आली. याचें कारण असें कीं, धुरे सरकतांना एकसारखे सरकत नाहींत. धातूंत कोठें परक्या द्रव्याचा कण असतो, कोठें स्फटिकाला मोड असते; तेथें धुरा अडकतो, दाब वाढेपर्यंत अडकून राहतो, आणि मग एकदम उडी घेऊन पुढच्या अडथळ्यापाशीं जातो. प्रत्येक उडीबरोबर वेटोळ्यांत विजेचा एक लहानसा झटका उत्पन्न होतो. धुरा जेथें अडकतो तेथेंच चुंबकाची स्मृति असते. अडथळा नसता तर बाहेरचा चुंबक काढून घेतांच सारे धुरे मूळ जागीं परतले असते व लोखंडावर कांहींच लिहितां आलें नसतें.

डोळ्यांना दर्शन घडलें तें १९३१ सालीं. फ्रान्सिस बिटर यांनीं लोखंडाचा पृष्ठभाग आरशासारखा घांसून त्यावर लोहभस्माची अत्यंत बारीक पूड द्रवांत कालवून पसरली. धुऱ्यांच्या जागीं क्षेत्र किंचित् बाहेर निसटतें. पूड नेमकी तेथें जमली आणि सूक्ष्मदर्शकाखालीं रेघांचें जाळें उमटलें. रांगोळी येथें आपण होऊन पडली. पुढें प्रकाशाची मदत घेण्यांत आली. चुंबकावरून परावर्तित होतांना प्रकाशाच्या कंपनाचें प्रतल किंचित् वळतें, हा जॉन केर यांनीं एकोणिसाव्या शतकांत लावलेला शोध. त्याच्या योगानें एका दिशेच्या बांध्या काळ्या व दुसऱ्या दिशेच्या पांढऱ्या दिसतात. गार्नेट नांवाच्या स्फटिकाच्या पातळ पापुद्र्यांत हे पट्टे इतके वळणावळणाचे असतात कीं, अंगठ्याचा ठसाच पाहत आहों असें वाटावें.

पापुद्र्यांची गोष्ट निघाली, ती आतां सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आजच्या विद्येचें खरें क्षेत्र तेंच आहे. येथें नॅनोमीटर या मापाचा आश्रय घ्यावा लागतो. एका मिलिमीटराचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केंस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. लोखंडांतील धुऱ्याची रुंदी कांहीं दशक नॅनोमीटर असते. तेवढ्यांत शंभराहून अधिक अणूंच्या रांगा मावतात. एका बांधींतून दुसरींत जातांना अणूंची दिशा एकदम उलटत नाहीं. रांगेमागून रांग ती थोडथोडी वळत जाते. हें फेलिक्स ब्लॉख यांनीं १९३२ सालीं दाखविलें. ठोकळ्यांत हें वळणें पृष्ठभागास काटकोन करून होतें व तेथें तें खपून जातें. पापुद्रा पातळ होत गेला कीं मात्र अडचण उभी राहते. धुऱ्यांतले उभे अणु पापुद्र्याच्या वरच्या व खालच्या अंगास ध्रुव उमटवितात, आणि पापुद्रा जितका पातळ तितका हा खर्च जड होतो. लुई नील यांनीं १९५५ सालीं दाखविलें कीं, कांहीं मर्यादेखालीं धुरा आपली जातच बदलतो. अणु पापुद्र्याच्या पातळींत राहूनच वळतात, बाहेर डोकावत नाहींत. जाडी बदलली कीं नियम बदलतो, याचें हें नमुनेदार उदाहरण आहे.

पापुद्र्याचें पुढें बारीक बारीक तुकड्यांत कोरीव काम केलें तर काय होईल? चार्ल्स किटेल यांनीं १९४६ सालीं पातळ पापुद्रे व सूक्ष्म कण यांचें गणित मांडलें. त्यांतून निघालेली गोष्ट अशी कीं, तुकडा पुरेसा लहान असेल तर त्यांत एकही धुरा परवडत नाहीं. चार हात जमिनींत कोण धुरा घालील? लोखंडाचा कण पंधरा-वीस नॅनोमीटरांहून लहान झाला कीं तो सबंध एकच बांधी होऊन राहतो. आकाराचा प्रभावही मोठा असतो. लांबट तुकड्यांत चुंबकत्व लांबीच्याच दिशेस लोळतें. वाटोळ्या चकतींत, ती फार लहान नसेल तर, तें भोंवऱ्यासारखें गरगर फिरतें, आणि भोंवऱ्याच्या अगदीं मध्यभागीं दहा-एक नॅनोमीटरांच्या जागेंत अणु उभे राहून वर किंवा खालीं पाहतात. पट्टीला खांच पाडली तर धुरा त्या खांचेंत येऊन थांबतो. बार्कहाउझेन यांच्या लोखंडांत जो अडथळा दैवगतीनें पडलेला होता, तो आज हवा तेथें पाडतां येतो.

माणसाला हें गणित १९४६ सालीं साधलें. तळ्याच्या गाळांत तें त्यापूर्वींच फार प्राचीन काळीं साधलेलें होतें. रिचर्ड ब्लेकमोर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं मॅसॅच्युसेट्समधील दलदलीच्या गाळांत असे जंतु पाहिल्याचें प्रसिद्ध केलें कीं, जे चुंबक फिरवावा तसे वळतात. प्रत्येक जंतूच्या पोटांत मॅग्नेटाइटच्या स्फटिकांची माळ असते. स्फटिक सामान्यतः ३५ ते १२० नॅनोमीटरांचे असतात. याहून फार मोठे असते तर त्यांच्यांत धुरे पडले असते व जोर घटला असता. फार लहान असते तर दिशा टिकली नसती. नेमका मधला आकार त्या जंतूनें साधला आहे. उत्तर गोलार्धांत पृथ्वीच्या चुंबकीय रेषा उत्तरेकडे कलत जमिनींत शिरतात. त्यांच्या अनुरोधानें पोहत गेलें म्हणजे जंतु आपोआप खालीं, जेथें प्राणवायु कमी तेथें, गाळाकडे पोंचतो. असे जंतु पुढें जगांतील अनेक तळ्यांच्या व समुद्रांच्या गाळांत सांपडले. नवेगांवच्या तलावावर हिंवाळ्यांत उतरणाऱ्या उत्तरेकडच्या बदकांविषयींही लोक हाच प्रश्न विचारतात. कांहीं पक्ष्यांना पृथ्वीच्या चुंबकत्वाची जाणीव असते हें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. मात्र ती कोणत्या इंद्रियानें होते यावर शास्त्रज्ञांचें अद्याप एकमत नाहीं.

‘फार लहान असते तर दिशा टिकली नसती’, असें वर म्हटलें. या एका वाक्यांत आजच्या सगळ्या धडपडीचें कारण सांठविलेलें आहे. नील यांनींच १९४९ सालीं सूक्ष्म कणांच्या विस्मरणाचें गणित प्रसिद्ध केलें, आणि त्यासाठीं त्यांनीं डोळ्यांपुढें ठेविलेली वस्तु होती भाजलेली माती! कुंभाराच्या आव्यांतलें मडकें थंड होत असतां त्यांतील लोहभस्माचे कण पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या वेळची दिशा धरून बसतात. कांहीं कण ती हजारों वर्षें सोडीत नाहींत, म्हणून जुन्या भट्ट्यांवरून पृथ्वीच्या चुंबकत्वाचा इतिहास वाचतां येतो. कांहीं कण मात्र लगेच विसरतात. फरक पडतो तो आकारानें. उष्णतेमुळें प्रत्येक कणाला सतत धक्के बसत असतात. कण मोठा असला तर ते धक्के त्याला उलटवूं शकत नाहींत. लहान असला तर केव्हां ना केव्हां उलटवितात. आणि हें ‘केव्हां ना केव्हां’ कणाच्या घनफळाबरोबर विलक्षण वेगानें बदलतें. कोबाल्टचा सुमारें सात नॅनोमीटर व्यासाचा कण सेकंदाच्या एका अंशांत आपली दिशा विसरतो. व्यास नऊ नॅनोमीटर केला, तर तोच कण कित्येक दशकें तिला धरून राहतो. दोन नॅनोमीटरांचा फरक, आणि एका क्षणाचें एक आयुष्य!

आतां माणसानें या गोष्टीचा उपयोग कसा केला तें पाहावें. डेन्मार्कचे व्हाल्डेमार पौल्सेन यांनीं १८९८ सालीं पोलादी तारेवर आवाज टिपला. जर्मनींत फ्रिट्झ फ्लॉइमर यांनीं १९२८ सालीं कागदाच्या फितीवर लोखंडाची पूड चिकटविली. त्यानंतरच्या फितींवर लोहभस्माचे सुईसारखे लांबट कण असत. लांबट अशासाठीं कीं चुंबकत्व लांबीच्या दिशेस घट्ट बसावें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची स्मृति फेराइटच्या इवल्याशा कड्यांची होती. एक कडी म्हणजे होय किंवा नाहीं, एवढेंच एक अक्षर. तिच्यांत चाळीस-चाळीस अक्षरांचे २०४८ शब्द मावत. अमेरिकेंत १९५६ सालीं निघालेल्या पहिल्या चकतीयंत्रांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, आणि सगळ्या मिळून पन्नास लाख वर्ण सांठवीत. आज मुठींत मावणाऱ्या यंत्रांत त्याच्या लक्षावधिपट मजकूर राहतो.

ही प्रगति बांध्या लहान करीत गेल्यानें झाली. आतांच्या चकतीवर कोबाल्ट, क्रोमियम व प्लॅटिनम यांच्या मिश्रणाचा पापुद्रा असतो व त्यांत आठ-एक नॅनोमीटरांचे कण दाटीवाटीनें उभे असतात. दोन कणांच्या मध्यें ऑक्साइडची अचुंबकीय किनार मुद्दाम ठेविलेली असते, म्हणजे एकाची दिशा दुसऱ्याला बिघडवूं नये. येथें धुरा माणसानेंच बांधला. कण पापुद्र्यावर आडवे असतात तोंवर शेजारी एकमेकांना विरोध करीत. जपानचे शुनिची इवासाकी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत त्यांना उभें करण्याचा पुरस्कार केला, आणि २००५ सालीं तशा चकत्या बाजारांत आल्या. वाचन करणारी सुईही अधिक तीक्ष्ण व्हावी लागली. अति पातळ थरांच्या विद्युत्‌रोधांतील मोठ्या फरकाचा शोध फेर्त व ग्र्यूनबर्ग यांनीं १९८८ सालीं लावला, तो त्या कामीं आला. दोघांना २००७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

कोबाल्टचा हिशेब पुन्हां आठवला म्हणजे अडचण कळते. आठ नॅनोमीटरांचा कण पांचाचा केला तर लिहिलेलें टिकत नाहीं. टिकावें म्हणून अधिक हट्टी धातु घ्यावा, तर तो लिहूं देत नाहीं. यावर काढलेली तोड कुंभाराचीच आहे. लोह व प्लॅटिनम यांच्या अत्यंत हट्टी पापुद्र्यावर लेसरच्या किरणानें एक टिंब क्षणार्धाहूनही फार कमी वेळ तापवावयाचें, तो नरम असतांनाच दिशा द्यावयाची, आणि थंड होतांच ती पक्की होऊं द्यावयाची. अशा चकत्या २०२४ सालापासून मोठ्या दप्तरखान्यांत जाऊं लागल्या आहेत. भाजलेल्या मडक्याचें तत्त्व एवढ्या लहान जागीं उपयोगांत आणलेलें पाहून नील यांना समाधान वाटलें असतें.

नव्या चकत्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. जुन्या फितींचें तसें नाहीं. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांपैकीं कांहीं ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्याच आवाजांत चुंबकीय फितीवर टिपलेल्या आहेत. गाणाऱ्यांपैकीं कित्येक आज हयात नाहींत. असा मोठा संग्रह जतन करणारे भेटतात, परंतु घरोघरच्या कपाटांतही आजीच्या गाण्याची, वडिलांच्या कीर्तनाची, लग्नांतल्या मंगलाष्टकांची एखादी कॅसेट पडलेली असतेच. तिच्यांतले चुंबकीय कण सहसा दगा देत नाहींत. दगा देतो तो कणांना फितीवर चिकटवून ठेवणारा लेप. दमट हवेंत त्यांत पाणी शिरतें, तो चिकट होतो, बुरशी धरतो, आणि फीत चालवितांना आवाजासकट सुटून येतो. कोंकणांतल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यांत हें लवकर घडतें. कोरड्या, थंड जागीं, ध्वनिक्षेपकाच्या चुंबकापासून दूर, उभी ठेविलेली फीत पुष्कळ अधिक टिकते.

अशी जुनी फीत ऐकतांना कित्येकदां एक चमत्कार घडतो. आजीचा पहिला शब्द उमटण्याच्या किंचित् आधीं तोच शब्द अगदीं क्षीण, दुरून आल्यासारखा ऐकूं येतो. यांत भुताटकी नाहीं. फीत वर्षानुवर्षें गुंडाळलेली असते, एका वेढ्यावर दुसरा वेढा दाबून बसलेला असतो, आणि आवाजाचें चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर हलकेंच उमटतें. जे कण सर्वांत लहान व चंचल, विस्मरणाच्या सीमेवरचे, तेच शेजाऱ्याची ही नक्कल उचलतात. ते जितके सहज शिकतात तितकेच सहज विसरतात. म्हणून लेप चिकट झालेला नसेल, तर फीत दोन-तीन वेळां सावकाश उलगडून पुन्हां गुंडाळावी. आधींचा तो क्षीण शब्द बराचसा मावळतो, आणि मोठ्या कणांनीं धरून ठेविलेला मूळचा आवाज जागचा हलत नाहीं. नक्कल उतरवून घ्यावयाची ती त्यानंतर.